स्टॅटिक विक जागेवर नाही: पाहायचं काय, लिहायचं काय, पुढे करायचं काय

विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला, आडव्या आणि उभ्या शेपटीच्या कडांना, विंगलेटच्या, म्हणजे पंखटोकाच्या वर वळलेल्या पातीच्या, टोकांना उदबत्तीएवढ्या बारीक कांड्या मागे तोंड करून बसवलेल्या असतात. कागदोपत्री त्यांचं नाव स्टॅटिक डिस्चार्जर. रॅम्पवर आणि हँगरात सगळे ‘विक’ म्हणतात. वॉकअराउंडमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून केलेल्या पाहणीत, यातली एखादी जागेवर दिसली नाही की दोन चुका हमखास होतात. एक तर ‘एकच आहे, चालतंय’ म्हणून ती नोंदवलीच जात नाही. किंवा नोंदवली जाते, पण टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत, ‘वन स्टॅटिक विक मिसिंग’ एवढंच लिहून. मग पुढच्या स्टेशनवरचा इंजिनिअर पुन्हा शिडी मागवतो, पुन्हा सगळ्या कांड्या मोजतो, आणि ती कांडी गेली कशामुळे हा खरा प्रश्न तसाच राहतो. कांडी स्वस्त आहे, बदलायला सोपी आहे. ती का गेली याचं उत्तर मात्र कधी कधी फार महाग पडतं.

नवे वैमानिक, एएमईच्या, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याच्या, परीक्षेची तयारी करणारे आणि लाइन मेंटेनन्सला नुकतेच लागलेले यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आकडे, टॉर्क आणि मर्यादा प्रत्येक विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे बदलतात. अंतिम शब्द त्या मॅन्युअलचा.

ही कांडी नेमकं काय करते

बर्फाचे कण, कोरडा हिम, धूळ, पाऊस यांतून विमान वेगाने जातं तेव्हा या कणांच्या घर्षणाने त्याच्यावर विद्युतभार साठतो. याला पी-स्टॅटिक म्हणतात. ज्वालामुखीची राखही हेच करते. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ इंडोनेशियाच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं, तेव्हा कॉकपिटच्या काचांवर निळसर प्रकाश नाचताना दिसला होता. तो याच साठलेल्या भाराचा.

साठलेला भार टोकांकडे आणि धारदार कडांकडे गोळा होतो. तिथलं विद्युतक्षेत्र पुरेसं तीव्र झालं की हवा फुटते आणि भार बारीक बारीक ठिणग्यांनी बाहेर पडू लागतो. यालाच कोरोना म्हणतात. हे अँटेनाजवळ झालं तर प्रत्येक ठिणगीचा धक्का रेडिओत शिरतो आणि हेडसेटमध्ये सतत फुसफुस, कधी शिट्टीसारखा आवाज येतो. एडीएफची, म्हणजे रेडिओ स्टेशनची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई भरकटते. बहुतेक वेळा एडीएफ सगळ्यात आधी बिघडतो आणि व्हीएचएफ, म्हणजे नेहमीच्या बोलण्याचा रेडिओ, सगळ्यात शेवटी. एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ, असलेल्या विमानांत एचएफलाही लवकर फटका बसतो.

डिस्चार्जर दोन कामं एकदम करतो. त्याच्या टोकाला अतिशय बारीक पिना किंवा कार्बनचे तंतू असतात, त्यामुळे कोरोना दुसरीकडे कुठेही सुरू व्हायच्या आधी इथे सुरू होतो. आणि कांडीचा विद्युतरोध मुद्दाम मेगाओममध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे त्या ठिणग्यांचा रेडिओत जाणारा भाग विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोचत नाही. काही प्रकारांत पिना कांडीला काटकोनात असतात. अँटेनाशी सगळ्यात कमी संबंध येईल अशा जागी भार सुटावा, म्हणून ती रचना. एकेका कांडीतून वाहणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो.

दोन गैरसमज आधीच बाजूला काढू. डिस्चार्जर वीजरोधक नाही. विमानांच्या प्रमाणीकरणात विजेच्या पहिल्या आघातासाठी २,००,००० अँपिअरचा शिखरप्रवाह धरतात. ही कांडी त्याच्यापुढे काहीच नाही. पण ती टोकाला असते आणि वीजही टोकांतूनच शिरते वा बाहेर पडते, म्हणून जळते बऱ्याचदा हीच. दुसरं, इंधन भरताना जमिनीवर जो भार निचरावा लागतो त्याच्याशी हिचा संबंध नाही. त्यासाठी बाँडिंगची केबल लागते.

मोजायच्या आधी कागद बघा

विमानाकडे जायच्या आधी टेक लॉग आणि होल्ड आयटम लिस्ट, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकललेल्या दोषांची यादी किंवा ‘हिल’, उघडा. आधीच एखादी विक डिफर झालेली, म्हणजे तिची दुरुस्ती पुढे ढकललेली, असेल तर तिची जागा पाठ करून निघा. असं न करता गेलात तर जुनी गेलेली बघून ‘ही तर हिलमध्ये आहे’ म्हणाल, आणि शेजारची नव्याने गेलेली नजरेतून सुटेल. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा होतो, कारण दोन्ही एकाच पंखावर असतात आणि डोकं संख्या मोजतं, जागा मोजत नाही.

एकूण किती असायला हव्यात हे पाठांतरावर सोडू नका. एकाच ताफ्यातल्या दोन विमानांत फरक असतो: एकाला विंगलेट आहेत, दुसऱ्याला नाहीत, किंवा मागाहून बसवलेत. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये २३-६० हा विभाग स्टॅटिक डिस्चार्जिंगचा. तिथल्या आकृतीत प्रत्येक जागा दाखवलेली असते आणि ती आकृती कोणत्या विमानक्रमांकांना लागू आहे तेही लिहिलेलं असतं. तुमच्या विमानाला लागू असलेल्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवला तर रात्री पावसात उभं राहून आठवत बसावं लागत नाही. सुधारित आवृत्ती आली की जुना फोटो तेवढा पुसायचा.

बघायची पद्धत

मागून बघा. पंखाच्या पुढून किंवा खालून चालत गेलं तर अर्ध्या कांड्या फ्लॅप आणि एलेरॉन या पंखाच्या हलत्या पात्यांच्या आड जातात. पंखाच्या मागे, कडेच्या रेषेत उभं राहून बाहेरच्या टोकापासून आतल्या बाजूकडे नजर न्या. मग दुसरा पंख. डावा आणि उजवा एकमेकांचे आरसे असतात, त्यामुळे एकीकडे रिकामी जागा असेल तर जोडीतला फरक लगेच डोळ्यात भरतो.

शेपटीची अडचण उंचीची. ए३२० चं उभं शेपूट जमिनीपासून जवळपास १२ मीटरवर संपतं. तिथली कांडी खालून मान वर करून दिसत नाही. सुरक्षित अंतरावर मागे जा, वाहनांच्या मार्गात आणि शेजारच्या विमानाच्या जेटब्लास्टमध्ये न जाता. दिवसा कांडी आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळी रेघ होऊन दिसते. रात्री टॉर्चचा झोत तिरका टाका, समोरून टाकला तर ती रंगात हरवते. फोनचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. हायड्रॉलिक दाब नसताना एलेव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलत्या पात्या, खाली झुकतात, आणि कधी एक जास्त, एक कमी. मग आडव्या शेपटीवरच्या आणि एलेव्हेटरवरच्या कांड्या एका रेषेत राहत नाहीत. एकेक पृष्ठभाग वेगळा मोजा.

हात लावू नका. पिना टोचतात, आणि कांडी वाकवून ‘घट्ट आहे का’ बघण्याच्या नादात ती मुळाशी तडकते. तडकलेली कांडी मग उड्डाणात जाते.

‘गायब’मध्ये काय काय येतं तेही लक्षात ठेवा. कांडी पूर्ण नाही हे सरळ. टोकाच्या पिना गळाल्या आहेत, कार्बनचे तंतू झडले आहेत, कांडी अर्ध्यातून तुटली आहे, कांडी ज्यात बसते तो बेस हलतोय, या सगळ्यांसाठी मॅन्युअलमध्ये झिजेची मर्यादा दिलेली असते. मर्यादेबाहेर गेलेली कांडी जागेवर असली तरी कामाची नाही. हलणारा बेस तर कांडी नसण्याहून वाईट. सैल जोडावर स्वतःच ठिणग्या पडतात आणि ज्या आवाजासाठी कांडी बसवली तोच आवाज ती करू लागते.

बेस काय सांगतो

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच घाईत राहतो. कांडी गेली, पण ती ज्यात बसते तो धातूचा बेस बहुधा जागेवर असतो. शिडी किंवा चेरी पिकर लावा आणि तो हातभर अंतरावरून बघा.

बेस स्वच्छ, आटे शाबूत, अडकवणारा छोटा सेटस्क्रू सैल किंवा बेपत्ता: कांडी कंपनाने निसटली. मागच्या वेळी बसवताना टॉर्क कमी पडला असणार. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच माणसाने बसवलेल्या शेजारच्या कांड्याही तपासा. दोष एकटा नसतो.

बेसमध्ये कांडीचा काही मिलिमीटरचा तुकडा उरलाय, तुटलेली जागा ताजी आणि मातट नाही, जळाल्याचा मागमूस नाही: धक्का लागलाय. हँगरची डॉकिंग, केटरिंगची गाडी, पंखावर ओढलेलं कव्हर, धुताना मारलेला लांब दांड्याचा ब्रश, सगळे संशयित. इथे दुसरं काम लगेच निघतं: तो तुटलेला तुकडा कुठे आहे? बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, पडला असेल तर तो एफओडी, म्हणजे विमानाला इजा करू शकणारी बाहेरची वस्तू, आहे, इंजिनात किंवा टायरखाली जाऊ शकतो. आधी बे शोधा. सापडला नाही आणि विमान नुकतंच तिथे आलेलं असेल तर विमानतळाच्या एअरसाइड विभागाला कळवा. शिवाय धक्का कांडीला लागला म्हणजे एलेरॉनच्या किंवा एलेव्हेटरच्या कडेलाही लागला असू शकतो. कडेवर बोटभर पोचा आहे का ते बघितल्याशिवाय खाली उतरू नका. कंपोझिट, म्हणजे तंतूंच्या थरांनी बनलेल्या, कडेला पोचा दिसत नाही, आतला थर सुटतो. तिथे स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलप्रमाणे तपासणी लागते.

बेसही नाही, त्याजागी चिकटवणीचा चौकोनी डाग: चिकटवलेला बेस उखडला. डागावर पांढरी भुकटी असेल तर खाली गंज चढत होता. चिकटवणी पृष्ठभागाला अजिबात धरलेली नसेल, सगळी बेसबरोबर गेली असेल, तर मूळ तयारीत खोट होती. रिव्हेटचा बेस गेला असेल तर भोकं उघडी पडतात, त्यांतून पाणी आत जातं. ती तशीच ठेवून विमान सोडता येत नाही.

आणि चौथं: कांडीचं टोक वितळलेलं, तंतू पिंजारलेले, बेसवर खड्डे, भोवतीचा रंग फुगलेला किंवा काळा. ही वीज. इथे थांबायचं.

वीज पडल्याची खूण दिसली तर

या अवस्थेत ‘सीडीएलप्रमाणे एक चालते’ हे वाक्य उच्चारूही नका (सीडीएल म्हणजे बाहेरचा दुय्यम भाग नसताना उडता येतं का त्याची यादी, तिच्याविषयी पुढे). कांडी नसणं हा दोष डिफर होऊ शकतो, वीज पडणं ही घटना डिफर होत नाही. मॅन्युअलच्या ०५-५१ मध्ये वीज पडल्यानंतरची कंडिशनल तपासणी दिलेली असते. ती आधी, कांडीचा निर्णय नंतर.

वीज बहुधा नाकाकडून, इंजिनाच्या काउलवरून किंवा पंखाच्या टोकावरून शिरते आणि शेपटीच्या किंवा पंखाच्या मागच्या टोकांवरून बाहेर जाते. जळालेली विक म्हणजे अनेकदा बाहेर पडण्याची जागा. म्हणून आता उलटं पुढे चालत जा आणि शिरण्याची जागा शोधा. विमान पुढे सरकत असताना विजेचा झोत त्याला चिकटून मागे घसरतो, त्यामुळे बॉडीवर एका ओळीत, थोड्या थोड्या अंतरावर, टाचणीच्या डोक्यापासून नखाएवढे डाग पडतात. रिव्हेटची डोकी वितळलेली दिसतात. रेडोमवर, म्हणजे नाकावरच्या रडारच्या आवरणावर, छिद्र, त्यावरच्या लायटनिंग डायव्हर्टर पट्ट्या जळालेल्या, अँटेनांच्या बुडाशी काळेपणा, पिटो प्रोबवर डाग, कंट्रोल सरफेसच्या, म्हणजे हलत्या पात्यांच्या, बाँडिंग जंपरचे तुटलेले तार: यादीप्रमाणे सगळं बघायचं. बरेच आघात शून्य अंश तापमानाच्या आसपास, ढगातून चढताना किंवा उतरताना होतात. महाराष्ट्रात वळवाचा पाऊस आणि मॉन्सूनची दोन्ही टोकं, म्हणजे मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, या दिवसांत हा संशय मनात ठेवूनच वॉकअराउंड करावा.

आधीच्या क्रूशी बोलणं होऊ शकत असेल तर नेमके प्रश्न विचारा: ढगात झगझगाट आणि मोठा आवाज झाला का, कोणत्या उंचीवर, त्यानंतर कंपास, रेडिओ, डिस्प्ले यांत काही बदल जाणवला का. कित्येकदा क्रूला काहीच जाणवलेलं नसतं. म्हणून ‘क्रू नाही म्हणाला’ हे खुणा नाकारायला पुरेसं कारण नाही.

विजेने नुकसान झालं असेल तर ती डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, कळवायच्या घटनांत येते. घटना लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत, तुमच्या संस्थेच्या ठरलेल्या मार्गाने. नुसती विक निसटली तर असा अहवाल लागत नाही, टेक लॉग पुरतो. ज्याला जे लागतं ते द्या. साध्या निसटलेल्या कांडीचा मोठा अहवाल करून खऱ्या घटनांची फाइल भरू नका.

टेक लॉगमध्ये काय लिहायचं

आपल्याकडे लॉग इंग्रजीत लिहितात, म्हणून वाक्य जसंच्या तसं देतो. वाईट नोंद: ‘वन स्टॅटिक विक फाउंड मिसिंग ऑन टेल.’ चांगली नोंद: ‘ड्युरिंग ट्रान्झिट चेक, एल/एच एलेव्हेटर ट्रेलिंग एज, सेकंड स्टॅटिक डिस्चार्जर फ्रॉम आउटबोर्ड फाउंड मिसिंग. बेस इनटॅक्ट अँड सिक्युअर. सेटस्क्रू मिसिंग. नो बर्न ऑर पिटिंग ऑन बेस अँड अडजेसंट स्ट्रक्चर. रिमेनिंग डिस्चार्जर्स चेक्ड, फाउंड ओके.’

यात काय आलं ते बघा. कोणत्या तपासणीत सापडलं. कोणती बाजू: वैमानिकाच्या आसनात पुढे तोंड करून बसल्यावरची डावी-उजवी, समोरून बघणाऱ्याची नव्हे. नाकासमोर, विमानाकडे तोंड करून उभं राहून लिहिताना इथे चूक होते, म्हणून बाजू लिहिताना एकदा थांबा. कोणता पृष्ठभाग: ‘टेल’ म्हणजे आडवं, उभं, एलेव्हेटर की रडर (उभ्या शेपटीची हलती पाती) हे कळत नाही. बाहेरून कितवी. बेसची अवस्था. जळाल्याची खूण आहे की नाही, आणि नसेल तर ‘नाही’ हे स्पष्ट शब्दांत. कारण वाचणारा एएमई पहिला प्रश्न तोच विचारणार. शेवटी बाकीच्यांची स्थिती.

मॅन्युअलच्या आकृतीत जागांना क्रमांक असतील तर तो क्रमांकही टाका. मोजलेली गोष्ट आणि अंदाज वेगळे ठेवा: ‘बेसवर दोन खड्डे’ ही पाहणी, ‘लायटनिंग स्ट्राइक’ हा निष्कर्ष. वैमानिकाने पाहणी लिहावी, निष्कर्ष तपासणी करणाऱ्यावर सोडावा. दोन फोटो जोडा, एक लांबून जागा दाखवणारा, एक जवळून बेसचा. नुसता जवळचा फोटो कुठल्याही विमानाचा असू शकतो.

तोंडी सांगून मोकळं होणं सगळ्यात वाईट. इंजिनिअरला सांगितलं, त्याने मान हलवली, शिफ्ट बदलली, नोंद कुठेच नाही. मेंटेनन्स कंट्रोलला फोन करा, जरूर करा, पण नोंद आधी.

सोडायचं की थांबवायचं

बहुतेक प्रवासी विमानांत डिस्चार्जरची तरतूद सीडीएलमध्ये असते, काहींत एमईएलमध्ये. फरक समजून घ्या. एमईएल म्हणजे उपकरण बिघडलं तरी कोणत्या अटींवर उडता येतं त्याची यादी. सीडीएल म्हणजे बाहेरचा दुय्यम भाग नसताना उडता येतं का त्याची. एमईएलला दुरुस्तीची मुदत असते, ‘बी’ वर्गाला ३ दिवस, ‘सी’ ला १०, ‘डी’ ला १२०, आणि दोष सापडला तो दिवस त्यात धरत नाहीत. सीडीएलमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर मुदत नसते. म्हणूनच विका महिनोन्महिने तशाच राहतात. हे नियमात बसतं, पण चांगलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन जागा रिकाम्या ठेवून विमान ढगांत पाठवायचं आणि मग रेडिओच्या तक्रारींवर अ‍ॅव्हिऑनिक्सवाल्यांना रात्र-रात्र राबवायचं, हे टाळता येतं.

सीडीएलचं पान वाचताना बसवलेल्यांची संख्या, कोणत्या पृष्ठभागावर किती कमी चालतात, आणि खालची टीप, तिन्ही वाचा. मर्यादा एकूण संख्येवर नसून बऱ्याचदा प्रत्येक पंखासाठी, शेपटीच्या प्रत्येक भागासाठी वेगळी असते. टोकाच्या डिस्चार्जरला वेगळी अट आहे का ते खास बघा, कारण भार सगळ्यात जास्त टोकालाच साठतो आणि तीच कांडी सगळ्यात जास्त काम करते. परफॉर्मन्सवरचा परिणाम ‘निग्लिजिबल’ लिहिलेला असेल तर असे जास्तीत जास्त तीन भाग दंडाविना नसले तर चालतात. त्यापुढच्या प्रत्येकाला वजनात कपात. यात फक्त विका मोजायच्या नाहीत, ‘निग्लिजिबल’ लिहिलेले सगळे सीडीएल भाग मिळून तीन. फ्लॅपच्या फेअरिंगचा तुकडा आणि पॅनेलचा सील आधीच हिलमध्ये असतील तर विक तिसरी ठरते.

मग कामं: टेक लॉगमध्ये संदर्भासह नोंद, कॉकपिटमध्ये प्लॅकार्ड, हिलमध्ये प्रवेश, आणि डिस्पॅचला कळवणं म्हणजे कॅप्टनच्या कागदांत ते येईल. उड्डाणात आणखी एक भाग गेला तर विमान जिथे उतरलं तिथून, पुन्हा सीडीएलच्या मर्यादेत आल्याशिवाय, निघू शकत नाही. दोन्ही याद्यांत ही परिस्थिती सापडली नाही तर उत्तर सोपं आहे: बसवा, मग उडवा.

नवी बसवताना

सुटा भाग मागवताना इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉगमध्ये विमानाची लागूता बघा. मागच्या कडेची आणि टोकाची कांडी दिसायला सारखी असली तरी पार्ट नंबर, लांबी आणि बसण्याचा कोन वेगळा असतो. एलेरॉनची रडरला, रडरची विंगलेटला असं करू नका.

कंट्रोल सरफेसजवळ काम आहे, म्हणून हायड्रॉलिक दाब उतरवा, कॉकपिटमध्ये कंट्रोल हलवू नये असा टॅग लावा, उंचीवर हार्नेस घाला. कांडीच गेली असेल तर सेटस्क्रू सोडा, उरलेला तुकडा काढा, बेसच्या आतला मळ आणि गंज स्वच्छ करा, नवी कांडी पूर्ण आत बसवा, मॅन्युअलप्रमाणे टॉर्क द्या. टोकावरची संरक्षक टोपी शेवटी काढा, पण काढा. टोपीसह उडालेली कांडी म्हणजे नसलेली कांडी.

बेस बसवणं नाजूक. जुनी चिकटवणी प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, धातूच्या नाही. बेसच्या ठशाएवढ्याच जागेतला रंग आणि प्रायमर काढायचा, चहूबाजूंनी इंचभर नव्हे, कारण उघडा अ‍ॅल्युमिनियम नंतर गंजतो. धातूवर सांगितलेला रासायनिक लेप द्या आणि दिलेल्या वेळेच्या आत चिकटवा. कंपोझिटवर सँडपेपर जपून: तंतू किंवा खालची तांब्याची जाळी कापली गेली तर वीज वाहायचा रस्ताच तुटतो. चिकटवणी विद्युतवाहक, दोन भागांची, चांदीची पूड असलेली इपॉक्सी असते. तिची वापरण्याची तारीख, मिश्रणाचं प्रमाण आणि वाळण्याचा वेळ तापमानाप्रमाणे पाळा. पावसाळ्यात दमट पृष्ठभागावर चिकटवलेले बेस काही महिन्यांत उखडतात. शेवटी कडेने सीलंटची किनार द्या.

चाचण्या दोन. मिलिओहममीटरने बेस ते सांगाडा: रोध मॅन्युअलच्या मर्यादेत हवा, आणि प्रोब रंगावर नाही, उघड्या धातूवर टेकवा. कांडीचा रोध उच्च व्होल्टेजच्या इन्सुलेशन टेस्टरने, सांगितलेल्या व्होल्टेजवर. साध्या मल्टिमीटरने कांडी मोजून ‘ओपन आहे’ म्हणत चांगल्या कांड्या फेकल्या जातात. इतका मोठा रोध त्या मीटरला भरवशाने मोजता येत नाही.

विमान रंगवून आलं की सगळ्या कांड्या आणि बेस मुद्दाम बघा. मास्किंग नीट झालं नसेल तर टोकावर रंग चढतो, आणि रंग चढलेली कांडी भार सोडत नाही. रंग खरवडू नका, कांडी बदला. नोंद करताना लावलेला पार्ट नंबर आणि बॅच लिहा, सीआरएस (काम पूर्ण होऊन विमान सेवेस सोडल्याचं प्रमाणपत्र) द्या, हिल बंद करा, प्लॅकार्ड काढा. प्लॅकार्ड राहून जाणं ही इथली नेहमीची चूक.

सगळ्या जागेवर आहेत, तरी रेडिओ खरखरतोय

कोणता रेडिओ, कोणती फ्रिक्वेन्सी, ढगात की बाहेरही, वेग कमी केल्यावर आवाज उतरला का, हे वैमानिकाने लिहावं. ढगाबाहेर आवाज थांबत असेल तर पी-स्टॅटिक. वेग कमी केल्यावर उतरत असेल तर संशय पक्का, कारण कण जितक्या वेगाने आदळतात तितका भार जास्त. मग कंट्रोल सरफेसचे बाँडिंग जंपर, रेडोमचा अँटिस्टॅटिक रंग, सैल पॅनेल आणि अँटेनांचे बेस बघा. उडताना उपाय दोनच: त्या ढगातून बाहेर पडणं, नाहीतर वेग उतरवून थोडा वेळ रेडिओ जाईल हे धरून चालणं.

लहान विमानं

बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी प्रशिक्षणाची विमानं उडतात, त्यांनाही हेच लागू, फक्त कागद कमी. सेसना १७२ च्या हँडबुकात स्पष्ट लिहिलंय की विका वयाने निकामी होतात, त्या दरवर्षीच्या तपासणीत उपकरणाने तपासाव्यात, आणि उपकरण नसेल तर दर दोन वर्षांनी बदलाव्यात, विशेषतः विमान आयएफआरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आधारे, नेहमी उडत असेल तर. जुन्या लवचीक, विनाइलच्या वेष्टनाच्या विकांत आतली वेणी वेष्टनाबाहेर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, दिसायला हवी. झिजून आत गेली असेल तर ती बदला. प्रशिक्षणार्थ्याने तुटलेली बघून ‘व्हीएफआरच आहे’, म्हणजे बाहेर बघूनच उडायचं आहे, म्हणून पुढे जाऊ नये. प्रशिक्षकाला आणि एएमईला सांगायचं, आणि स्नॅग शीटवर लिहायचं. ढकलताना पंख मागच्या कडेला धरून ढकलणं ही तिथल्या तुटलेल्या विकांची मोठी खाण आहे. धरायची जागा शिकवली की तुटणं कमी होतं.

प्रवाशाला दिसलं तर

खिडकीतून पंखाच्या मागच्या कडेवरच्या कांड्यांत एक जागा रिकामी दिसली तर घाबरायचं कारण नाही. बहुधा ती आधीच नोंदलेली असते आणि विमान मंजूर मर्यादेत असतं. तरी सांगायला संकोच करू नका. दार बंद व्हायच्या आधी केबिन क्रूला हळू आवाजात सांगा: मी अमुक रांगेत, डाव्या खिडकीशी आहे, पंखाच्या मागच्या कडेवर टोकापासून तिसऱ्या जागी कांडी दिसत नाही. फोटो असेल तर दाखवा. क्रू कॅप्टनला कळवेल आणि कॅप्टन ती जागा प्लॅकार्डशी ताडून बघेल. विमान धावपट्टीकडे निघाल्यावर दिसलं तरी कॉल बटण दाबून एवढंच सांगा.